अवेळी मांडलेला घट

सरुबाईला काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसेल तर ती ते कुठूनतरी शोधून आणायची. पाऊस आला की ट्रेमधली रोपं सडतील, नाही आला की विहीर खाली जाईल. गिऱ्हाईक आलं की रोपं पुरतील का, नाही आलं की रोपं जून होऊन जातील. नवरा गोटीराम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडं नर्सरी हा जोडधंदा हे. मेन धंदा काळजीचा, तो ही एकटी बघते."

लोक हसायचे, सरुबाईही हसायची, आणि हसता हसता शेडनेटची कड वाऱ्याने सुटली नाही ना, ते बघून यायची.

सायखेड्याच्या बाहेर, गोदावरीच्या अंगाला त्यांचं दीड एकराचं रान आहे. चारी बाजूंनी ऊस आणि द्राक्षाच्या बागा, सगळं फणी फिरवल्यासारखं, आणि मधेच हा पसारा. जांभूळ, शेवगा, हादगा, सीताफळ, केळी, त्यांच्या सावलीत हळद आणि अळू, आणि सगळ्यावर पाचोळ्याचा जाड थर. नांगर म्हणून लावत नाहीत. रविवारी नाशिकहून शहरातली माणसं गाड्या घेऊन बघायला येतात, फोटो काढतात, याला पर्माकल्चर म्हणतात असं सरुबाईलाच समजावून सांगतात. ती म्हणते, "काय कल्चर असंल ते असू द्या, पण खाली बघून चाला, अळूवर पाय पडतोय तुमचा."

या रानाचं खरं भांडवल म्हणजे खत, आणि खतासाठी सरुबाईला जगातलं काहीही चालायचं. हॉटेलातला चहाचा चोथा, रसवंतीची चिपाडं, देवळातलं निर्माल्य, न्हाव्याकडचे केससुद्धा. कुणाच्या हातात काडीपेटी आणि समोर पालापाचोळा दिसला, की ही धावलीच. "जाळू नको रे बाबा, मला दे." गावातली पोरं तिला मागून 'मला-द्या मावशी' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आणि एक मान होता तिचा. नवरात्रात घट बसवायला माती लागते ना, ती वस्तीतल्या बायका सरुबाईच्या रानातून न्यायच्या. घटस्थापनेच्या सकाळी टोपल्या घेऊन रांग लागायची. ही जांभळाखालची माती चाळून ठेवायची आणि आपल्या हाताने प्रत्येकीची टोपली भरायची. वर्षभर ती इतरांपुढे वाकून चाले, पण त्या दिवशी तिची मान ताठ असायची.

आता झालं काय ते सांगतो.

माघात शेजारच्या गोरक्षचा ऊस तुटून गेला. रानभर वाळल्या पात्यांचं पाचट पडलेलं. तो पेटवायच्या तयारीत होता, तेवढ्यात सरुबाई बांधावर हजर. गोरक्ष म्हणाला, "काकू, सगळं न्या, माझी मेहनत वाचली." गोटीरामाने टेम्पोच्या खेपा केल्या. शेण, पाचट, शेण, पाचट असा केवढा तरी ढीग लागला. उन्हाळाभर तिने त्याला पाणी घातलं, तो वरखाली केला. ज्येष्ठात खत तयार झालं तेव्हा ते काळंभोर होतं आणि हातात घेतलं की ओल्या रानासारखा वास यायचा.

तरी सरुबाईला चैन पडेना. एवढं सगळं बाहेरून आलेलं, नवंच. तिने एका पत्रावळीवर ते खत पसरलं, त्यात गहू पेरले आणि ओसरीवर ठेवून दिले. तिच्या सासूबाईंची पद्धत होती ती. त्यांच्या घरात घटाला फक्त गहूच टाकायचे. गहू लवकर येतो, उंच येतो, आणि घट कसा आला यावरून वर्षाचं पीक वाचायचं. सरुबाईने ज्येष्ठातच घट मांडला एवढंच.

सून वेदिका म्हणाली, "आई, नवरात्राला अजून लय वेळ हे."

"देवीसाठी नाय गं. माझ्या जिवासाठी मांडलाय."

गहू आला. आणि काय आला म्हणता! दाट, सरळ, एकसारखा. सरुबाईने त्यावरून हात फिरवला आणि तिला खूप बरं वाटलं. मग तिने बिनधास्त ते खत कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात मिसळलं, ट्रे भरले आणि त्यात झेंडू टाकला.

झेंडू बहुतेक सगळा झुंबरबाईसाठी होता. झुंबरबाई ओढ्यापलीकडे राहते, सरुबाईहून थोडी मोठी, म्हणून ही तिला अक्का म्हणते. मुलगा सिन्नरला कंपनीत, हिचं अर्ध्या एकराचं रान ही एकटी बघते. झेंडूचं पीक तिचं लाडकं, आणि झेंडूचा मोसम म्हणजे दसरा. त्या दिवसाआधी फूल आलं तर सोनं. दसरा उलटल्यावर त्याच फुलाला कुणी विचारत नाही, दिवाळीपर्यंत ते झाडावरच म्हातारं होतं. औंदा झुंबरबाईने ठरवलं होतं की फूल दलालाच्या हाती द्यायचंच नाही. स्वतः टेम्पोत बसून नाशिकच्या फूलबाजारात जायचं. त्यासाठी तिने नवीन लुगडंसुद्धा बाजूला काढून ठेवलं होतं.

ती रोपं न्यायला आली तेव्हा सरुबाईने तिला ओसरीवरचा गहू दाखवला. "बघ अक्का. अशी माती हे औंदा."

"तुझी माती म्हणल्यावर बघायचं काय त्यात," झुंबरबाई म्हणाली. पण तिने बघितला. कौतुकाने बघितला.

एक गोष्ट मात्र सरुबाईने तिला सांगितली नाही. रोपांची शेंड्याची पानं जराशी मलूल वाटत होती, कडा किंचित वळल्यासारख्या. रोज दहा ठिकाणी नसतं संकट शोधणारी बाई, पण त्या दिवशी तिने स्वतःची समजूत घातली. हवा ढगाळ आहे, ऊन पडलं की उघडतील. गहू एवढा सरळ आलाय, मग खोट असणार कुठून?

आषाढ लागला. ऊनही पडलं. ट्रेमध्ये उरलेली झेंडूची रोपं काही उघडली नाहीत. उलट शेंडे मुठी वळल्यासारखे झाले, नवीन पान येईल ते दोरीसारखं बारीक आणि पिळलेलं. मग दारातली चवळी वळली. मग भोपळा. टोमॅटोची रोपं तर अशी दिसत होती, जणू कुणी एकेक पान चिमटीत धरून पिरगाळलंय.

"व्हायरस हे," गोटीराम म्हणाला. "पांढरी माशी लय झालीय. निंबोळी अर्क मार, होईल नीट."

"चवळीला, भोपळ्याला, झेंडूला, सगळ्यांना एकाच आठवड्यात एकच व्हायरस?"

गोटीराम निंबोळ्या कुटायला गेला. सरुबाईला जेवण जाईना. रोज सकाळी उठून ती आधी पानं बघायची आणि रोज पानं आदल्या दिवसापेक्षा वाईट असायची.

शेवटी उलगडा केला गोरक्षने, आणि तोही सहज बोलता बोलता. बांधावर उभा राहून, तोडीनंतर पुन्हा फुटून आलेल्या खोडव्याच्या उसाकडे बघत होता. सरुबाईने विचारलं, "तुझ्या उसात ती वेल नाय दिसत रे यंदा? मागच्या साली केवढी चढली होती."

"मारली ना काकू. मागच्या हंगामातच तोडायच्या आधी तणनाशक मारलं. पार राख."

"आणि उसाला काय नाय झालं?"

"त्याला कसं होईल? ते औषध रुंद पानाच्यालाच मारतं. ऊस, मका, गहू, बाजरी, गवताच्या जातीला हात बी नाय लावत. म्हणून तर उसात चालतं."

सरुबाई तिथेच बांधावर खाली बसली. त्याच उसाचं पाचट तिच्या ढिगात कुजलं होतं, पण औषध कुजलं नव्हतं. गहू म्हणजे गवतच की. अख्खा ढीग विषाचा असता तरी गहू असाच हसत वर आला असता. तिने साक्षीला बोलावलं तेच नेमकं असं पीक, ज्याला त्या विषाची बाधा नाही. रुंद पानाचे मूठभर मूग टाकले असते, चार दाणे चवळीचे टाकले असते, तर ज्येष्ठातच कळलं असतं. आणि झुंबरबाईच्या अर्ध्या एकरात ती रोपं उभी होती!

"काय झालं काकू?" गोरक्षने घाबरून विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? तिनेच मागून मागून नेलं होतं.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. गोटीराम हळूच म्हणाला, "सांगायलाच पाहिजे का? औंदा व्हायरस समदीकडं हे. लोकांच्या तोंडी तेच हे. अक्का बी तेच धरून चालंल."

सरुबाईने नवऱ्याकडे बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, तिची दया येऊनच बोलत होता. आणि खरं सांगायचं तर तिलाही क्षणभर वाटलं की हे किती सोपं आहे. कोण येणार आहे तपासायला? पण अक्का तोवर रोज त्या रोपांना पाणी घालणार, उद्या उघडतील म्हणून वाट बघणार. आणि अशी वाट बघता बघता दसऱ्याचा मोसम हातचा जाणार. अजून वेळ होता. नागपंचमीच्या आसपास रोप जमिनीत गेलं तर दसऱ्याला फूल धरतं. त्यासाठी बी आजच्या उद्या पडायला हवं होतं.

ती चप्पल घालून निघाली.

झुंबरबाई रानातच होती. सरुबाईने प्रस्तावना केली नाही. केली असती तर धीर सुटला असता.

"अक्का, झेंडू उपट. सगळा उपट. माझ्या खतात तणनाशक उतरलंय. ही रोपं सुधरायची नाहीत."

झुंबरबाईला आधी समजेना. समजलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "तू गहू दाखवला व्हता मला."

"गव्हाला ते विष लागत नाय. मला ठाऊक नव्हतं, अक्का."

"आणि रोपं? देताना रोपं धड होती?"

इथे खोटं बोलायला अजून एक जागा होती. सरुबाई म्हणाली, "शेंडे जरा वळल्यागत दिसले होते. मला वाटलं, ढगाळ हवेनं असंल."

"तुला वाटलं." झुंबरबाई एवढंच बोलली. मग वाकली आणि पहिल्या सरीतलं रोप उपटलं, मग दुसरं. सरुबाई शेजारच्या सरीत वाकली, तशी ती वर न बघता म्हणाली, "तू नको हात लावू."

या शब्दांनी सरुबाईला जे लागलं ते आरडाओरड्याने लागलं नसतं. ती बांधावर उभी राहिली आणि अक्का आपलं अर्ध्या एकराचं रान एकेक रोप करून रिकामं करताना बघत राहिली. बरं इतकंच की खत फक्त रोपाच्या मुळाशी चिकटलेल्या गोळ्यापुरतं होतं. रोप मुळासकट निघालं, की खालची जमीन स्वच्छ होती.

त्याच दिवशी तिने जांभळाखाली कुदळ लावली. ती जागा म्हणजे रानाचं देवघर. तिथे पाचोळ्यावर पाचोळा पडून माती झालेली, आणि ती कुणालाही खोदू देत नसे. घटापुरती वरची ओंजळभर काढायची, बस. वेदिका म्हणाली, "आई, तिथं?"

"मग कुठं? बाहेरचं काय नाय आलेलं अशी एवढीच जागा उरलीय आपल्याकडं."

ट्रे धुतले, नवे भरले, झेंडू टाकला. आणि शेवटच्या ट्रेमध्ये मूग. आता निकालाची वाट बघत पेरायला सवड नव्हती, म्हणून दोन्ही एकदम. ते दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. मूग वर आला, मान वाकवून उभा राहिला, दोन पानं मिटलेलीच. ती दिवसातून कितीदा तरी शेडनेटमध्ये जायची. मिटलेलं पान बघायची आणि तिला ते वळलेलंच वाटायचं. गोटीरामाला बोलावून विचारायची, "हे सरळ हे का?" तो म्हणायचा, "अगं उघडू तर दे त्याला!"

उघडलं. तळहातासारखं सपाट उघडलं. सरुबाई तिथेच रडली. मग लगेच डोळे पुसून झेंडूच्या ट्रेकडे गेली, कारण एका पानावर विश्वास ठेवायचा की नाही हे तिला कळत नव्हतं.

मधल्या काळात तो खताचा ढीग हलवला. गोरक्ष म्हणाला, उसाला चालतंय, माझ्याच रानात टाका. "तुझं तुला परत," सरुबाई म्हणाली. खूप दिवसांनी तिच्या तोंडून थट्टा निघाली.

नागपंचमीला जमीन उकरत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ती ट्रे घेऊन ओढ्यापलीकडे गेली. सोबत मुगाचा ट्रेही नेला. झुंबरबाईने झेंडूचं एकेक पान उलटंपालटं करून बघितलं. मग मूग बघितला. ट्रे उतरवून घेतले आणि एकटीने लावायला घेतलं. सरुबाई तिने जा म्हणायच्या आतच परत फिरली.

असे दोन महिने गेले. ओढ्याच्या अलीकडून लांबवर झेंडूची हिरवी ओळ दिसायची. फुटवे धरले का, कळी आली का, काही कळायचं नाही, आणि विचारायला जायचं तोंड नव्हतं. गोष्ट गावात पसरली होती. वस्तीतली चिमणाबाई देवळापाशी म्हणाली म्हणे, सरुच्या मातीत आता काय राम राहिला नाय. ती तसं बोलली नसतीच तर सरुबाईला आश्चर्य वाटलं असतं.

घटस्थापना उजाडली. सरुबाईने तरीही जांभळाखालची माती चाळली, ओसरीत ढीग केला आणि बसली. दरवर्षी एव्हाना रांग असायची. ऊन ओसरीच्या कडेला आलं. कुणी आलं नाही. चिमणाबाईची सून समोरून पिशवीतली विकतची माती घेऊन गेली आणि जाताना मान वळवली. वेदिका आतून दोनदा डोकावून गेली. गोटीरामाला नेहमी काहीतरी बोलायला सुचतं, आज तोही टेम्पो पुसत बसला होता, आधीच पुसलेला.

दुपार टळायला आली तेव्हा ओढ्याच्या बाजूने झुंबरबाई आली. कमरेवर टोपली. ओसरीसमोर उभी राहिली, टोपली पुढे केली.

सरुबाईचे हात मांडीवरून उचलेनात. अक्काचे ते शब्द अजून कानात होते. "घे ना तुझ्या हातानं," ती कशीबशी म्हणाली.

"तूच भर."

तिने ओंजळी भरभरून टोपली भरली. झुंबरबाई वळता वळता थांबली. "आमच्याकडं घटाला सात धान्यं असत्यात. ठाऊक हे ना? त्यात मूग बी असतो."

"ठाऊक हे, अक्का."

झालं. नऊ दिवस परत जीव टांगणीला. ट्रेमध्ये मूग एकदा नीट आला होता हे खरं, पण परत तसाच येईल कशावरून? मधे कुठून काही उडून आलं असेल तर? पावसाच्या पाण्याने वाहून आलं असेल तर? वेदिकाने समजावलं, गोटीरामाने समजावलं. स्वतःच्या घटात मूग टाकून बघण्याचं मात्र तिला धाडस झालं नाही. तिथे तिने गहूच टाकला, आणि या वर्षी त्याच्याकडे बघून तिला काहीच वाटलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे झुंबरबाईकडून निरोप आला. टेम्पो घेऊन या. गोटीराम गेला. नाशिकहून परत आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि टेम्पोतून झुंबरबाई उतरली, वाटेत घरचा घट उठवून आलेली, नव्या लुगड्यात.

सरुबाई उंबऱ्यावरच उभी होती.

"निम्मा उघडला," झुंबरबाई आपणहून म्हणाली. "निम्मा अजून कळीतच हे. तो दिवाळीला जाईल. पहिली रोपं धड असती तर समदा आला असता."

"व्हय अक्का."

"आता व्हय म्हणून काय उपयोग. इकडं ये."

सरुबाई पुढे झाली. झुंबरबाईने पदराच्या गाठीतून घटाचं धान काढलं. दसऱ्याला घट उठला की ते उगवलेलं धान माणसं टोपीत, केसात खोवतात. पिवळा गहू, ज्वारी, बाजरी, आणि त्यात मूग. तिने सरुबाईची मान जरा खाली वाकवली आणि तिच्या अंबाड्यात ते खोवलं. खोवताना मुगाचं एक रोप वेगळं काढून तिच्या हातावर ठेवलं.

"घे. बघून घे एकदाचं. नाय तर आज पण झोपायची नाय तू."

सरुबाईने त्याचं एकेक पान बोटाने उलटलं, पालटलं, उजेडात धरलं. दोन्ही पानं सपाट होती. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता, कारण ते रोप खाली ठेवायला तिचं मन होत नव्हतं.

"पुढल्या साली रोपं नेताना," झुंबरबाई ओसरीवर टेकत म्हणाली, "मला गहू दाखवू नको."